बाबली कंडक्टर आणि एका पायाचा स्टँड

आमच्या दशावतारात देखावे नसतात. असतं ते एक लाकडी बाकडं. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, ऋषी बसला की डोंगराचा कडा, आणि राक्षस उडी मारून चढला की किल्ल्याचा तट. त्या एका बाकड्याच्या अवतीभवती मी जन्मभर लुगडं नेसून वावरलो. राण्या झालो, गंधर्वकन्या झालो, रडलो, रुसलो. गुडघे बोलायला लागले तेव्हा तोंडाचा रंग पुसला आणि देवबागला भाच्याकडे येऊन राहिलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मधे वाळूची जीभ आणि त्या जिभेवर आम्ही. रोज सकाळी एसटीने मालवणला जायचं, वर्तमानपत्र आणि पान घ्यायचं आणि त्याच गाडीने परत यायचं, हा माझा दिनक्रम.

त्याच गाडीत मला बाबली भेटला. बाबली चोपडेकर, एसटीचा कंडक्टर. तिशी उलटलेला, बारीक, सावळा. तिकिटं टोचायच्या चिमट्याची टिकटिक करत तो गाडीत शिरायचा तेव्हा मला पखवाजवाल्याची आठवण व्हायची. एंट्रीच्या आधी ताल पाहिजेच. देवबागचाच मुलगा. बाप धोंडू, रापणीचा तांडेल, म्हणजे जाळ्यावरचा म्होरक्या. आई सावित्री, मालवणच्या बाजारात मासे विकायची.

बाबलीच्या तिकिटांच्या पेटीशेजारी नेहमी एक कॅमेरा असायचा. जहाजावर खलाशी असलेल्या मामाने तो परदेशातून आणून दिलेला, जुना, रोल घालायचा. बाबली ज्या गावी गाडी घेऊन जाई त्या गावाचा फोटो काढी. जगात लोक फिरायला म्हणून पैसे मोडतात. याला सरकार पगार देऊन फिरवत होतं. वस्तीची गाडी असली की त्याची चैन. रात्री गाडी कुठल्यातरी आडगावात मुक्कामाला राहणार, आणि पहाटे पहिली फेरी सुटायच्या आधी, धुकं कौलांवर बसलेलं असताना, हा कॅमेरा घेऊन बाहेर.

पण त्याचे पहाटेचे फोटो हललेले यायचे. घरं हललेली, माड हललेले, एका फोटोत तर देऊळ हललेलं.

"देऊळ कसं हलेल रे?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"देऊळ नाय हलूक नाना, मी हललंय. उजेड कमी आसलो काय कॅमेऱ्याचो डोळो चड वेळ उघडो रवता. तेवड्यात हात जरा जरी कापलो, काय सगळा जग कापता."

हे मला फार आवडलं. आपला हात कापला की जग कापतं! मी त्याच्या मागेच लागलो. मग काय करतोस, कशावर टेकवतोस? तर म्हणाला, गाडीच्या बॉनेटवर. तो तमाशा मी एकदा डोळ्यांनी पाहिला. जुन्या एका सोबत्याला भेटायला आत डोंगराकडच्या गावी गेलो होतो, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीला बाबली कंडक्टर, शिवा ड्रायव्हर. बाबलीने बॉनेटवर कॅमेरा टेकवला. शिवा इंजिन चालू करून बसलेला.

"शिवा, पाच मिन्टां इंजान बंद कर रे."

"करतंय. मगे चालू कोण करतलो? बॅटरी मेली आसा. नाना, तुमी मारतलात धक्को?"

"मेल्या, माजो फोटो हलता!"

"गाडी आसा ती. हलली नाय तर आपलो पगार खंयसून येतलो?"

गाडीतली सगळी माणसं हसली. बाबलीने कॅमेरा पेटीत ठेवला आणि चिमटा वाजवला. पण हसला नाही. त्या दिवशी तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "नाना, शिमग्याआधी माका एक फोटो न हलता काडूक होयो. एकच."

तो कोणता, ते सांगायचं तर आधी रापण सांगायला हवी. होडीने लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगा करून माणसं ते ओढत आणतात. आणि हे जाळं एकाचं नसतं. प्रत्येक घराचा त्यात एकेक तुकडा. तुकडे एकमेकांना शिवले की रापण होते. त्या साली, म्हणजे दोन हजार चारमध्ये, धोंडूच्या रापणीने मोडायचं ठरवलं होतं. मासळी कमी झाली होती, पोरं पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होड्या घेऊन जात होती, आणि दोर ओढायला म्हातारेच उरले होते. येत्या रविवारी शेवटचं जाळं पडणार. मग शिवण उसवायची आणि ज्याचा तुकडा त्याने घरी न्यायचा.

बाबलीला त्या शेवटच्या ओढीचा फोटो हवा होता. सगळी रांग, आणि पुढे पाण्यात उभा राहून हात करणारा त्याचा बाप. जाळं किनाऱ्याला लागतं उजाडता उजाडता. ऊन वर येईपर्यंत मासे वाटून माणसं पांगलेली असतात. म्हणजे पुन्हा तोच अपुरा उजेड, आणि तोच कापणारा हात. या वेळी तो कापला तर पुन्हा संधी नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती बाबली बोलला नाही, पण गावाला ठाऊक होती. तो एसटीत लागल्यापासून दोरावरची त्याची जागा रिकामी होती. धोंडूने ती दुसऱ्या कोणाला दिली नाही आणि मुलाला कधी बोलावलंही नाही. बापलेक ताटाला ताट लावून जेवत, पण रापणीचा विषय निघाला की दोघं भाताकडे बघत.

कणकवलीला गुरुप्रसाद नावाच्या फोटोवाल्याचं दुकान होतं. त्याच्या लग्नाच्या अल्बमांची पार्सलं बाबली गाडीतून पोचवायचा, त्यामुळे दोस्ती. बाबलीने अडचण सांगितली तेव्हा गुरुप्रसादने कपाटावरून दोन वस्तू खाली काढल्या. एक ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांचा स्टँड. दुसरा मोनोपॉड. तो एकच पाय, एकातून एक बाहेर निघणाऱ्या नळ्यांचा, वर कॅमेरा बसवायचा स्क्रू. नाटकातल्या भालदाराच्या हातात शोभेल असा.

"दोनय घेवन जा," गुरुप्रसाद म्हणाला. "वापरून बघ. शनवारी येक परत हाड."

झालं. त्या आठवड्यात मला दुसरा उद्योग राहिला नाही. तीन पाय की एक पाय? भाचा विचारी, "नाना, तुमका काय पडला हा त्येचा?" मला पडलं होतं खरं! उभं राहणं हा माझा धंदा होता. भरजरी लुगड्यात, डोक्यावर मुकुट घेऊन, रानातल्या उंचसखल जमिनीवर पहाटेपर्यंत न हलता उभं राहायचं कसं, हे मी पोटासाठी शिकलो होतो. एखादी निर्जीव वस्तू ते कसं करते, हे बघायची उत्सुकता लागली होती.

बाबलीने दोन्ही स्टँड आधी घरी नेले. ट्रायपॉड पडवीत उघडून ठेवला. मी तिथेच होतो. सावित्री बाजारातून आली, टोपली उतरवली आणि त्या वस्तूभोवती एक फेरी मारली.

"नाना, बगलात? बायल कर म्हटलंय, तर ह्येना तीन पायांची हाडल्यान!"

"आये, गप रव गो."

"गप कशी रवतलंय? दोन पायांची आसती तर भाकरी तरी भाजती."

ट्रायपॉडची पहिली परीक्षा गाडीत झाली. मिटला तरी तो लांबच. सीटखाली मावेना, वरच्या फळीवरून घसरे. एका वळणावर तो घरंगळला आणि एका मास्तरांच्या पायावर पडला. शिवा पुढून ओरडला, "बाबल्या, त्या तिपायेचा अर्धा तिकीट फाड!" मोनोपॉड मात्र बाबलीच्या सीटच्या कोपऱ्यात गपचूप उभा राहिला, छत्रीसारखा.

सोमवारी त्यांची गाडी कुणकेश्वरला गेली. मीही गेलो. देवदर्शन होईल आणि परीक्षाही बघता येईल. पायऱ्यांच्या बाजूला, देऊळ आणि समुद्र एकत्र दिसतील अशा जागी बाबलीने ट्रायपॉड मांडला. जाणारा येणारा त्याच्या पायांना अडखळे आणि "देवा महाराजा" म्हणे. बाबली डोळा लावून बघतोय तोवर एका बाईने नारळाची पिशवी ट्रायपॉडच्या दांड्याला अडकवली आणि ती निवांत पदर सारखा करू लागली.

"अगे बाये, पिशी काड ती!"

"माका वाटला देवळान ठेवल्यानी," ती म्हणाली. "सोय बरी आसा."

मग मोनोपॉड. गर्दीत तो कोणाच्या पायात आला नाही. पण फोटो थोडा हललाच असणार, कारण बाबली काठीशी कुस्ती खेळल्यासारखा उभा होता. मला राहवेना.

"अरे, असा नव्हे. ऋषी कसा उभा राहतो? काठी पुढे रोवायची, दोन पाय मागे फाकवायचे. काठी आणि तुझे दोन मिळून झाले की तीन. भार काठीवर टाक. श्वास सोड आणि मग बटण दाब."

त्याने तसं केलं. माझे जुने पाय मी त्याच्या अंगात बघितले. उगाच खोटं कशाला बोलू, छाती भरून आली.

शेवटची परीक्षा देवबागच्या किनाऱ्यावर, जिथे रापण येणार तिथेच. ट्रायपॉड ओल्या वाळूत ठेवला. लाट आली, परत गेली, आणि जाताना एका पायाखालची वाळू घेऊन गेली. कॅमेऱ्याने मुजरा केला. बाबलीने तो हवेत झेलला म्हणून वाचला. दोनदा ठेवला, दोनदा तेच. लाट कधी एक पाय गिळे, कधी दुसरा. तिन्ही एकदम कधीच नाही.

मी निकाल दिला. मोनोपॉड. एका बाकड्यावर आमचा सगळा खेळ उभा राहिला, तर एका पायावर याचा कॅमेरा का नाही? बाबलीलाही पटलं. शनिवारी आम्ही कणकवलीला जाऊन ट्रायपॉड परत केला. गुरुप्रसादने तो पुसून कपाटावर ठेवला आणि म्हणाला, "बघ हां. काठी एकटी उबी रवणा नाय. तिका माणूस लागता."

"मी आसंय मां!" बाबली म्हणाला.

तेव्हा या बोलण्यात काही अडचण असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. बाबली कोळणीच्या पोटचा आणि मी त्याच गावात राहणारा, पण रापणीचा साधा रिवाज दोघेही विसरलो होतो.

रविवारी उजाडायच्या आधी किनाऱ्यावर माणसं जमली. होडी जाळं सोडून परतली होती. दोन्ही दोर वाळूवर आले, रांगा लागल्या. धोंडू कमरेइतक्या पाण्यात उभा होता, डोक्याला फडका, एक हात वर. तो हात कसा वळतो तसे दोर ओढायचे. आकाश राखाडी, पाणीही राखाडी, आणि दोन्हीच्या मधली रेघ नुकती दिसू लागलेली. सावित्री टोपली घेऊन वर कोरड्या वाळूत बसली होती.

बाबलीने दोराच्या बाजूला मोनोपॉड रोवला, पाय फाकवले, डोळा लावला. मी त्याच्या मागे.

दोरावरून कोणीतरी ओरडलं, "रे बाबल्या, तिकिटा फाडूक इलस काय?"

हशा पिकला. धोंडूने मान वळवली. पाण्यातून चालत वर आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. रापणीच्या दोराशेजारी हात बांधून उभं राहायचं नसतं. पोस्टमन असो, मास्तर असो, मुंबईचा पाहुणा असो, दोराजवळ आला की त्याने हात लावायचा. मग मासे वाटताना त्याचाही वाटा निघतो. नुसतं बघणाऱ्याने लांब जायचं. आणि लांबून तो फोटो होणार नव्हता.

"उबो कित्याक?" धोंडू म्हणाला. "दोराक हात लाव."

"बाबा, एक फोटो घेतंय. काठी सोडलंय तर कॅमेरो पडतलो."

"मगे काठी होयी काय दोर होयो, ता ठरय."

काठी बाबलीने दोन्ही हातांनी धरली होती. ट्रायपॉड असता तर तो आपल्या पायांवर उभा राहिला असता आणि बाबलीचे हात मोकळे झाले असते. पण ते तीन पाय कणकवलीत कपाटावर होते, माझ्या निकालाने. रांग थांबली होती. थांबलेल्या रापणीत मासा थांबत नाही, हे सगळ्यांना माहीत. मी धोंडूकडे बघत होतो. रंगभूमीवर मी रागाचे पुष्कळ चेहरे पाहिलेत. हा तो नव्हता. तो मुलाकडे बघत नव्हताच. त्या काठीकडे बघत होता. वरून खाली, खालून वर.

"हय हाड ती," तो म्हणाला.

काठी हातात घेऊन तो चार पावलं वर आला, लाटेची ओल असते पण लाट क्वचितच येते अशा जागी. काठी सरळ धरून गोल गोल फिरवत त्याने ती वाळूत उतरवली, होडी बांधायचा खुंटा उतरवतात तशी. "नानानू, ती बालदी." मी बालदी भरून दिली. त्याने काठीच्या बुडाशी पाणी ओतलं, टाचेने वाळू दाबली, पुन्हा ओतलं, पुन्हा दाबली.

"वाळू पाणी प्याली काय धरता," तो स्वतःशीच म्हणाला. मग मुलाला, "आता सोड."

बाबलीची बोटं काठीवरच.

"सोड म्हणतंय मां!"

बाबलीने सोडली. काठी उभी राहिली. एका पायावर, कोणाचाही हात नसताना. तीन पायांखालची वाळू नेणारा तोच किनारा हा एक पाय दाबून धरून होता. दोरावरच्या म्हाताऱ्यांनी नाटकातल्यासारखं "हो!" केलं. मीही केलं.

धोंडू पाण्यात गेला, जागेवर उभा राहिला आणि हात वर केला. बाबलीने कॅमेऱ्यातून एकदा नीट बघितलं. त्या कॅमेऱ्याला पुढे एक छोटी खिट्टी होती. ती फिरवून ठेवली की तो थोडा वेळ कुरकुरतो आणि मग आपला आपण फोटो काढतो. बाबलीने ती फिरवली आणि धावला. रांगेच्या अगदी शेवटी, जिथे इतकी वर्षं कोणी उभं नव्हतं, तिथे जाऊन त्याने दोर धरला. त्याच्या मागे मी. म्हातारा हात, पण हातच.

"ओढा रे!"

आम्ही ओढलं. कॅमेरा कुरकुरत होता, आणि मी मान वळवून बघत होतो. नेमकी तेव्हाच एक लाट इतरांपेक्षा जरा वर आली. काठीच्या बुडाला तिने जीभ लावली. काठी किंचित कलली आणि तशीच थबकली. त्याच क्षणी खट्ट झालं.

फोटो निघाला होता. काठी मात्र पुन्हा कलू लागली. बाबलीने ते बघितलं. पण दोराला एकदा हात लावला की जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत सोडायचा नसतो, आणि आज तर नाहीच. त्याचे डोळे कॅमेऱ्यावर, हात दोरावर, दात ओठावर.

"आये!" तो ओरडला.

सावित्री उठली. घाई न करता आली, एका हाताने काठी धरली, दुसऱ्या हातात टोपली तशीच. "बग बाये," ती काठीला म्हणाली, "सुनेसारखी सरळ उबी रव." आणि जाळं वर येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

जाळ्यात फार काही नव्हतं. तारली, थोडे बांगडे, एक चुकार खेकडा. वाटे झाले. शेवटचे म्हणून कोणी जास्त मागितलं नाही. माझ्या वाट्याला आलेले बांगडे मी माझ्याच फडक्यात बांधले. बाबलीचा वाटा धोंडूने स्वतः टोपलीत टाकला. मग म्हातारे वाळूत बसले आणि शिवण उसवू लागले.

रोल धुऊन आला तेव्हा गुरुप्रसादने फोटो काचेवर ठेवून आम्हाला बोलावलं. रांगेतली माणसं सगळी हललेली. ओढत होती ना. हात, खांदे, फडके एकमेकांत मिसळलेले, जणू दोरालाच अंग फुटलंय. एकच माणूस न हलता आलेला. पाण्यात, हात वर करून उभा धोंडू. लाट त्याच्या कमरेशी धूर झालेली, पण तो स्वच्छ, फडक्याच्या गाठीसकट. मला वाटलं, इतकं स्थिर उभं राहणं मला कधी साधलं नाही.

आणि समुद्र वाकडा होता. काठी कलली त्यामुळे क्षितिजाची रेघ एका बाजूला उतरलेली. बघणाऱ्याला वाटावं, आता हे पाणी वाहून जाऊन चौकटीबाहेर सांडणार.

"सरळ करून देतंय," गुरुप्रसाद म्हणाला. "कडा कापूच्यो लागतल्यो, बस." त्याने पट्टी ठेवून दाखवलं. उजवी कड गेली तर रांगेच्या शेवटी असलेला बाबली जात होता. आणि त्याच्यामागचा मीही, पण माझं काय.

बाबलीने पट्टी उचलली. "कापू नको. आसांदे वाकडो."

घरी फोटो धोंडूच्या हातात दिला. त्याने तो दाराशी उजेडात नेला. बराच वेळ बघितला. मग बोट ठेवून म्हणाला, "ह्यो मी. आणि ह्यो शेवटाक हललेलो कोण?"

"तुमचो झील," सावित्री म्हणाली.

"दोर धरलेलो दिसता मां?"

"दिसता."

"मगे बरो इलो फोटो."

धोंडूच्या तोंडून मी ऐकलेली ही एकमेव समीक्षा.

पुढे बाबली तो मोनोपॉड घेऊन सगळा जिल्हा फिरला. गाड्या बदलल्या, शिवा बदलून दुसऱ्या डेपोत गेला, रोलचा कॅमेरा जाऊन डिजिटल आला, तिकिटांच्या चिमट्याच्या जागी यंत्र आलं. काठी तीच राहिली. तिच्या तळाच्या रबराला अजून देवबागची वाळू चिकटलेली असते, आणि आडगावात पहाटे फोटो काढताना तो माझ्यासारखे पाय फाकवतो हे मला शिवानेच बदली व्हायच्या आधी येऊन सांगितलं.

फोटो धोंडूच्या पडवीत आहे. मी गेलो की बघतो. तिथे पहिल्यांदा बघितला तेव्हा चौकट भिंतीवर चांगलीच तिरकी टांगलेली दिसली. मला वाटलं, खिळा सरकला. उठून सारखी करायला गेलो, तर सावित्री मागून ओरडली.

"नाना, हात लावू नकात! माप घेवन लावलंय ती."

"अगं, पण चौकट वाकडी आहे."

"आसांदे वाकडी," ती म्हणाली. "दर्या बगा. सरळ झालो काय नाय?"

मी मागे सरून बघितलं. चौकट कलंडलेली, आणि आत पाणी अगदी सपाट.